चिनहटचा थर्मामीटर

देवयानी माईणकरला संशय यायला फार मोठं कारण लागत नसे, आणि त्या ऑक्टोबरात तर चांगलं तगडं कारण मिळालं होतं. फेसबुकवर 'चिनहट का थर्मामीटर' नावाचं एक खातं उगवलं होतं; चिनहट म्हणजे लखनौच्या टोकाची वस्ती. खात्याला नाव नाही, चेहरा नाही, जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरचा एक फोटो तेवढा. रोज सकाळी आठच्या आत त्यावर एकच ओळ पडायची: 'पीपल वाली गली. आज ९ घर बुखार. कल ६ थे.' ना शिवी, ना घोषणा, ना कुठल्या पुढाऱ्याचं नाव. देवयानीच्या मते हेच सगळ्यात वाईट लक्षण होतं. लखनौचा माणूस सरकारवर रागावला की निदान एक शेर तरी मारतोच. इतकं कोरडं, इतकं नेमकं कोण लिहितं? ज्याचा काहीतरी डाव आहे तो.

देवयानी मूळची मिरजेची, जनआरोग्यातली डॉक्टर. नवऱ्याच्या बँकेनं अकरा वर्षांपूर्वी बदली करून त्यांना लखनौला आणलं, आणि बदलीची मुदत संपली तरी गोमती नगरातला फ्लॅट काही सुटला नाही. हज़रतगंजच्या मागच्या बाजूला रोगनियंत्रणाचं जे कार्यालय होतं, तिथं तिच्याकडे दोन कामं होती. लोकांना सांगायचं आणि लोकांचं ऐकायचं. सांगायचं म्हणजे कूलरमधलं पाणी बदला, मच्छरदाणी लावा, अशी चित्रं सरकारी पानावर टाकायची. ऐकायचं म्हणजे रोज सकाळी साडेनऊला शहरातले चाळीसेक ग्रुप आणि पानं चाळून कुठे काय कुजबुज चाललीय ते टिपायचं, शहानिशा करायची आणि चोवीस तासांच्या आत उत्तर द्यायचं. हा चोवीस तासांचा नियम तिनंच आणला होता आणि प्रत्येक बैठकीत ती तो छाती फुगवून सांगायची. बकरीच्या दुधानं डेंग्यू बरा होतो ही अफवा तिनं एका दुपारीत गाडली होती. बाई कामाला वाघ होत्या, यात वाद नाही.

थर्मामीटरचीही तिनं रीतसर शहानिशा केली. कार्यालयाच्या तक्त्यात पीपलवाल्या गल्लीपुढे त्या आठवड्यात शून्य होतं, त्याच्या मागच्या आठवड्यातही शून्य. झालं तर मग. तिचा पहिला संशय फैजाबाद रोडवर नव्यानं उघडलेल्या एका नर्सिंग होमवर गेला. लोक घाबरले की खाटा भरतात, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? तिनं थर्मामीटरच्या पोस्टचा फोटो घेतला, त्यावर तिरका लाल शिक्का उमटवला, 'अफ़वाह', आणि खाली लिहिलं, 'घबराएँ नहीं. इस क्षेत्र में एक भी पुष्ट मामला नहीं है.' शिक्क्यासाठी अक्षरं निवडायला तिनं अर्धा तास घालवला होता. संध्याकाळपर्यंत नऊशे लोकांनी ती पोस्ट पुढे पाठवली आणि देवयानीला घरी जाताना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटरनं लिहिलं, 'आज ११ घर.' शिक्क्याबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, एका हिंदी वर्तमानपत्राच्या बातमीदाराचा फोन थेट डॉ. अभिराम मिश्रांना गेला. मिश्रा म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. हा माणूस रागावला की जास्त अदबीनं बोलायचा. एरवी 'देवयानी जी' म्हणायचे, त्या दिवशी ते 'डॉक्टर साहिबा' वर आले.

"डॉक्टर साहिबा, शनिवार को बारह बजे ऊपर मीटिंग है. मुझे इस थर्मामीटर का नाम चाहिए. नाम मैं साइबर वालों को दे दूँगा, बाकी वो जानें."

"सर, कोई नर्सिंग होम वाला लगता है."

"लगने से क्या होता है? और एक बात." मिश्रांनी चष्मा पुसला. "कहीं अपना ही कोई निकला, तो उसी दिन बाहर. समझ रही हैं ना आप?"

समजत होतं. घरभेद्याला माफी नसते, आणि तसं पाहिलं तर तिच्या मते नसावीच.

शुक्रवारी सकाळी पोहे खाता खाता ती फोनवर, थर्मामीटरनं ओळीसोबत एकदाच टाकलेला फोटो पुन्हा मोठा करून बघत बसली होती. एका घराच्या दारातला कूलर, त्यातल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मागे दाराची चौकट अर्धवट दिसत होती. दोन दिवस ती त्या अळ्यांकडे बघत होती.

"ऋता, पोहे गार होतायत," ती लेकीला म्हणाली. ऋता अकरावीत होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतूनच यायचं.

"खा रही हूँ ना. ये क्या है?" ऋता खांद्यावरून वाकली. "अरे, ये तो आपके पोलियो वाले निशान हैं."

"कुठे?"

"दरवाज़े पर. चौंतीस और तीर. आप ही ने तो मुझे सिखाया था, छोटी थी तब."

चौकटीवर खडूनं '३४' लिहिलं होतं आणि पुढे एक बाण. पोलिओच्या मोहिमेत आशा सेविका घरोघर जातात, तेव्हा प्रत्येक दारावर घराचा क्रमांक आणि आपण पुढे कुठल्या बाजूला गेलो तो बाण काढून ठेवतात. मागून तपासायला येणाऱ्याला नुसत्या बाणांवरून सगळी गल्ली फिरता येते. पण पोलिओची मोहीम होऊन कित्येक महिने झाले होते, आणि हा खडू तर कालच ओढल्यासारखा पांढराशुभ्र होता. नर्सिंग होमवाल्याला बाण काढायची अक्कल कुठून येणार? देवयानीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. हे काम आतल्या माणसाचं होतं.

एकदा आतल्या माणसावर संशय गेला, की कार्यालयात पाऊल टाकल्यापासून प्रत्येक जण चोरच दिसतो. दारातल्या शिपायानं नमस्कार जरा उशिरा केला. लॅबवाल्या मुली तिला बघून बोलायच्या थांबल्या. आणि गोपीनाथ! गोपीनाथ आकड्यांचे तक्ते भरणारा, गेली चार वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा साधा माणूस. ती आली की तो फोन पालथा घालायचा. हे तिला आठवलं, आणि आपण इतके दिवस कसे आंधळे होतो याचं नवल वाटलं. सगळे आकडे कुणाच्या हातात? गोपीनाथच्या. चिनहटात कोण राहतं? गोपीनाथ! ती मांजराच्या पावलांनी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"फोन दिखाइए."

गोपीनाथचे कान लाल झाले. त्यानं फोन सुलटा केला. पडद्यावर लूडो होता. हिरव्या सोंगट्या त्याच्या होत्या आणि तो हरत होता.

"बस पाँच मिनट खेलता हूँ, मैडम," तो अजिजीनं म्हणाला. "लंच के टाइम."

सकाळचे पावणेअकरा वाजले होते, पण देवयानीकडे त्यावर बोलायला वेळ नव्हता. तिनं त्याला तो फोटो दाखवला आणि पीपलवाली गल्ली कुणाकडे आहे ते विचारलं.

"वो तो विभा की है. आशा है वहाँ. बारह साल से." गोपीनाथनं फोटो निरखला. "चौंतीस का तीर भी उसी का है. वो तीर की पूँछ लंबी खींचती है."

विभा. देवयानीला चेहरा नीट आठवेना. बैठकीत मागच्या रांगेत बसणाऱ्या, वही मांडीवर ठेवून सगळं उतरवून घेणाऱ्या बायकांपैकी एक. अशा बाईच्या पाठीशी कुणीतरी असणारच, तिच्या मनानं लगेच पुढचा धागा विणला. तो कोण हेही आज काढून घेऊ. तिनं कुणाला न सांगता कार्यालयाची जीप घेतली, आणि गाडी बघून विभा सावध होऊ नये म्हणून ती फैजाबाद रोडवरच थांबवून गल्लीत चालत गेली.

गल्लीत खडू होता. प्रत्येक दारावर क्रमांक आणि लांब शेपटीचा बाण, आणि काही क्रमांकांच्या शेजारी एक नवीनच खूण. छोटा 'बु' आणि त्यापुढे उभ्या रेघा. कुठे दोन, कुठे चार. ही खूण कुठल्याही पुस्तकात नव्हती, पण तिला ती बघताक्षणी कळली. बु म्हणजे बुखार, आणि एक रेघ म्हणजे तापाचा एक दिवस. तिनं चालता चालता बोटांवर 'बु' मोजले. अकरा झाले. तिच्या तक्त्यात शून्य होतं. तरीही, सवयच वाईट, तिला वाटलं की खडूच्या रेघा काय, कुणीही ओढेल.

चौतीसच्या दारात भांडण चाललं होतं. पिवळ्या साडीतली एक किडकिडीत बाई, हातात थर्मामीटर, उंबऱ्याबाहेर उभी होती. उंबऱ्यात एक म्हातारा दोन्ही हात चौकटीला लावून उभा.

"तो अब सरकार झूठ बोलेगी और तू सच बोलेगी?" म्हातारा म्हणत होता. "अफ़वाह फैलाती है और ऊपर से अस्पताल भेजती है!"

"बाबा, एक बार हाथ तो छूकर देखिए उसका—"

बाईचं लक्ष देवयानीकडे गेलं आणि वाक्य तिथंच तुटलं. तिचा रंग उडाला. हातातला फोन तिनं पदराआड नेला. हीच विभा. चोर सापडला होता, पुराव्यासकट, आणि गाडीत येताना देवयानीनं पहिलं वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पण म्हाताऱ्याच्या काखेखालून तिला आतली खाट दिसली, खाटेवर एक सात-आठ वर्षांची मुलगी दिसली, आणि ठरवलेलं वाक्य ती विसरून गेली.

मुलीचं नाव अमृता. चार दिवस ताप होता, काल उतरला, म्हणून घरचे निर्धास्त होते. डेंग्यूची हीच खोड. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. देवयानी म्हाताऱ्याला बाजूला सारून आत गेली. मुलीचे हात थंडगार होते. पोटावर हात ठेवताच ती कण्हली. आई म्हणाली, सकाळपासून चार वेळा ओकली, आणि हाक मारली तर ओ देत नाही, नुसती झोपते.

"इसे अभी अस्पताल ले जाना है. अभी. गाड़ी है मेरे पास."

म्हातारा पुन्हा आडवा आला. त्यानं तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आप किस नर्सिंग होम से हैं?"

"मैं सरकारी डॉक्टर हूँ."

"सब यही कहते हैं." त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. "ये देखिए. सरकारी है ये. यहाँ कोई बीमारी नहीं है. आप लोगों को बस खाटें भरनी हैं."

पडद्यावर लाल शिक्का होता. तिरका, ठसठशीत, अर्धा तास घालवून निवडलेल्या अक्षरांतला. देवयानीला त्या क्षणी विलक्षण लाज वाटली. स्वतःचाच संशय म्हाताऱ्याच्या तोंडून परत आला होता, शब्दसुद्धा तेच, आणि मधे खाटेवर ती पोर पडली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ये मोहर मैंने लगाई है. ग़लत लगाई है."

"आपने?" म्हातारा हसला. विश्वास कशाला ठेवील तो?

तिनं आपला फोन उघडला, त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी पानावर गेली, ती पोस्ट काढली आणि खोडून टाकली. "अब अपना देखिए."

म्हाताऱ्यानं पडद्यावर बोट ओढलं. शिक्का गेला होता. 'यह पोस्ट अब उपलब्ध नहीं है' एवढीच ओळ उरली होती. त्यानं पुन्हा बोट ओढून पाहिलं. मग तो चौकटीतून बाजूला झाला, आणि आतून सुनेनं मुलीला उचललं.

विभा पुढे धावत गेली आणि फैजाबाद रोडवर थांबलेल्या ड्रायव्हरला जीपसकट गल्लीच्या तोंडाशी घेऊन आली. आई आणि आजोबा मुलीला घेऊन बसले. देवयानीनं तिच्या ओळखीच्या इस्पितळात फोन करून मुलीची अवस्था सांगितली, ड्रायव्हरला कुठल्या दारातून जायचं ते बजावलं. गाडी गेली. तिनं तिथंच उभ्या उभ्या सरकारी पानावर लिहिलं, की पीपलवाल्या गल्लीबद्दल आम्ही दिलेली माहिती चुकीची होती, तिथे ताप आहे, ताप उतरल्यावर पोट दुखलं किंवा उलट्या झाल्या तर ताबडतोब इस्पितळात जा. नऊशे लोकांनी पुढे पाठवलेला शिक्का अजून किती फोनांत फोटो होऊन बसला असेल, ते मात्र तिला खोडता येणार नव्हतं.

मग ती पिंपळाच्या पारावर बसली. विभा बसली नाही. चार पावलं लांब, पदर मुठीत धरून उभी राहिली.

"मुझे क्यों नहीं बताया?" देवयानीनं विचारलं. आवाज तिच्याही नकळत कडक आला. "फेसबुक पर लिखने की क्या ज़रूरत थी? अपना ग्रुप है ना?"

विभानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. हिला खरंच माहीत नाही, का ही आपल्याला बोलतं करून अडकवतेय, असा काहीसा हिशेब त्या नजरेत होता. शेवटी तिनं पदराआडचा फोन काढला, आशा सेविकांचा तो व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि देवयानीपुढे धरला. वर सगळे संदेश देवयानीचेच होते. हे करा, ते भरा, फोटो पाठवा. खाली, जिथे आपण लिहितो, तिथे लिहायला जागाच नव्हती. एक राखाडी ओळ होती: 'सिर्फ़ एडमिन मैसेज भेज सकते हैं.'

देवयानीला जुलै आठवला. रोज सकाळी बासष्ट बायकांची बासष्ट सुप्रभातं, गुलाब, उगवता सूर्य, दवात भिजलेला मोर. कामाचं काही सापडेना, म्हणून एका सकाळी चिडून तिनं ते बटण दाबलं होतं. नंतर विसरून गेली होती. ग्रुप किती शिस्तीत चालतो म्हणून ऑगस्टमध्ये कौतुकही करून घेतलं होतं.

"हफ़्ते वाले फ़ॉर्म पर भी लिखा था," विभा म्हणाली. आता सुरू झाल्यावर ती थांबेना. "चार सोमवार. किनारे पर लिखती थी, क्योंकि बुखार का कॉलम ही नहीं है उसमें. दफ़्तर में बोले, जाँच की रिपोर्ट नहीं तो ज़ीरो. फ़ोन करने को सुपरवाइज़र दीदी लोग मना करती हैं, कि मैडम को सीधे मत करना. फिर याद आया, आपने मीटिंग में कहा था. फेसबुक पर कोई भी कुछ लिखे, चौबीस घंटे में जवाब देते हैं." तिनं नाक पुसलं. "मैंने सोचा, चौबीस घंटे में टीम आएगी."

चोवीस तासांत शिक्का आला होता. सगळ्या शहराला कान लावून बसलेल्या बाईनं आपल्याच बासष्ट बायकांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि वर चोर शोधत फिरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, देवयानीची आजी म्हणायची. मिरजेची आजी इथं असती तर दोन थोबाडीतही दिल्या असत्या.

देवयानीनं तिथंच ग्रुप उघडला, ते बटण शोधलं आणि फिरवलं. आता सगळ्यांना लिहिता येणार होतं. तिनं लिहिलं, 'आपके मोहल्ले में कितने घरों में बुखार है, यहाँ लिखिए. जाँच की रिपोर्ट की ज़रूरत नहीं.' बघता बघता वाचल्याच्या निळ्या खुणेखाली नावं वाढत गेली. दहा जणींनी वाचलं. तीस जणींनी. पन्नास. उत्तर कुणाचंच येईना.

"डरती हैं, मैडम," विभा म्हणाली. "सबको पता है कि थर्मामीटर वाले का नाम ढूँढा जा रहा है. मेरा नाम तो आप... वो तो देना ही पड़ेगा आपको."

तेवढ्यात फोन वाजला. मिश्रा. देवयानीनं तो मुद्दाम मोठ्या आवाजावर लावला आणि पारावर ठेवला.

"डॉक्टर साहिबा, ये आपने क्या लिख दिया है हमारे पेज पर? और नाम मिला?"

"मिला, सर. वो अकाउंट अपने विभाग का ही है."

"अपने विभाग का? किसका?"

"मेरी ज़िम्मेदारी में है. बुखार की ख़बर के लिए. कल मीटिंग में पूरा चार्ट लेकर आऊँगी. ग्यारह घर हैं, और एक बच्ची को अभी भेजा है. सीरियस है."

मिश्रा मूर्ख नव्हते. "अगर अकाउंट आपका है," ते सावकाश म्हणाले, "तो उस पर अफ़वाह की मोहर किसने लगाई थी?"

"वो भी मैंने, सर."

फोन बंद झाला. उद्या बारा वाजता काय होईल ते देवयानीला साधारण दिसत होतं, आणि तिला भीतीही वाटत होती. विभा मात्र एकटक तिच्याकडे बघत होती. या बाईवर विश्वास टाकावा की नाही, याचा निकाल अजून लागत नव्हता. मग ती येऊन पाराच्या कडेवर टेकली, फोन गुडघ्यावर ठेवून एका बोटानं टाइप करू लागली. देवयानीच्या फोनवर संदेश आला. थर्मामीटरच्या नव्हे, विभाच्या नावानं: 'पीपल वाली गली. ११ घर. १ बच्ची अस्पताल.'

त्यानंतर मिनिटभर काहीच नाही. समोरच्या दारातून एक बाई त्या दोघींकडे रोखून बघत होती.

मग ग्रुपवर एक गुलाब आला. लाल, पाकळ्यांवर दव, खाली सोनेरी अक्षरांत 'सुप्रभात'. दुपारचे दोन वाजायला आले होते. कुणीतरी दार खरंच उघडं आहे का ते ढकलून बघत होतं. देवयानीचं बोट सवयीनं त्या बटणाकडे निघालं होतं. तिनं ते मागे घेतलं.

गुलाबाच्या खाली, त्याच नावानं, दुसरी ओळ उमटली: 'हमारे यहाँ १४ घर हैं मैडम. तीन हफ़्ते से.'